लाळेतील अमायलेजचे ‘इष्टतम तापमान’ दर वेळी वेगळे का येते?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी काही चूक झाली असेल तर ती इथेच लक्षात येईल. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकासाठी तुम्ही स्वतःची लाळ पातळ करून तिच्यातील अमायलेज (स्टार्च तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम) ४, २०, ३०, ४०, ५०, ६० आणि ८० अंश सेल्सिअसला स्टार्चच्या द्रावणात मिसळले, ठरावीक वेळाने नळीत आयोडीन घातले आणि निळा रंग किती उरला ते कलरिमीटरवर मोजले. पहिल्या दिवशी मिश्रणे दोन मिनिटे ठेवली होती, तेव्हा आलेखाचे शिखर ५० अंशांना आले. दुसऱ्या दिवशी लाळ आणखी पातळ करून मिश्रणे अर्धा तास ठेवली, तर शिखर ४० अंशांवर सरकले. दोन्ही दिवशी ८० अंशांच्या नळीत निळा रंग जवळजवळ दिसलाच नाही, म्हणजे तिथेही स्टार्च संपले असे वाटले. पुस्तकात मात्र ‘इष्टतम तापमान ३७ अंश’ असे छापलेले आहे आणि चूक नेमकी कोणाची, असे तुम्ही विचारता.

जीवरसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारतो. जे विचारत नाहीत त्यांतले बरेचसे गुपचूप ३७ वर शिखर काढून वही तपासायला देतात, ही खरी दुःखाची गोष्ट आहे. तुमच्या तीन निरीक्षणांपैकी पहिली दोन, एकमेकांशी जुळत नसली तरी, बहुधा बरोबर आहेत. तिसरे चुकीचे आहे, पण ती चूक विकराची नाही, आयोडीनची आहे. ती आधी दूर करू, कारण तिचा थोडा परिणाम तुमच्या इतर आकड्यांवरही झाला असणार.

हे स्वतःच करून पाहा. एका परीक्षानळीत नुसते स्टार्चचे द्रावण घ्या, त्यात लाळेचा थेंबही नको. आयोडीनचे दोन थेंब घाला, गडद निळा रंग येईल. आता ही नळी उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रात धरा. रंग पाहता पाहता फिका होत जातो आणि थोड्या वेळाने द्रावण जवळजवळ बिनरंगी दिसते. तीच नळी नळाखाली गार पाण्यात धरा, निळा रंग परत येतो; पहिल्याइतका गडद नसेल, कारण तापवताना थोडे आयोडीन उडून गेलेले असते. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडीन तिच्या पोकळीत जाऊन बसते, म्हणून निळा रंग दिसतो. तापवल्यावर ती वळणे सैल होतात आणि आयोडीन बाहेर पडते. स्टार्च जागेवरच असते. तुम्ही ८० अंशांच्या नळीत ती गरम पाण्याच्या बाथमध्ये असतानाच आयोडीन घातले असणार. तिथे विकर जिवंत आहे की मेलेले, हे त्या रंगावरून मुळीच ठरत नाही. ५० आणि ६० अंशांच्या नळ्यांतही रंग काही प्रमाणात याच कारणाने उतरतो, आणि आपण तो उतार अमायलेजच्या खात्यावर जमा करतो. उपाय सोपा आहे. वेळ पूर्ण होताच विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून क्रिया थांबवायची, सगळ्या नळ्या एकाच तापमानाला, म्हणजे खोलीच्या तापमानाला आणायच्या आणि त्यानंतरच आयोडीन घालायचे. शिवाय प्रत्येक तापमानाला एक नळी उकळून गार केलेल्या लाळेची ठेवायची. त्या नळीचे वाचन हाच त्या तापमानाचा शून्यबिंदू. केवळ एका तापमानाचा शून्यबिंदू सगळ्यांना लावणे ही प्रात्यक्षिकांतली सर्वांत सर्रास चूक आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. विकराचा तापमानाशी असलेला संबंध आपण एकाच टेकडीसारख्या वक्राने दाखवतो, डावीकडून चढ, माथा आणि उजवीकडे तीव्र उतार. हे चित्र पाहून वाटते की माथा हा त्या विकराचा जन्मजात गुण आहे, जसा एखाद्या पदार्थाचा द्रवणांक असतो. प्रत्यक्षात तुमच्या नळीत दोन स्वतंत्र घटना एकाच वेळी चाललेल्या असतात. पहिली घटना म्हणजे विकर स्टार्च तोडते. तापमान वाढले की कोणत्याही रासायनिक अभिक्रियेप्रमाणे हिचाही वेग वाढतो. तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचा संबंध सांगणारे, स्वान्ते अरहेनिअस यांनी १८८९ मध्ये मांडलेले समीकरण इथे बऱ्यापैकी लागू पडते. दुसरी घटना म्हणजे विकराची स्वतःची घडी उलगडते, ज्याला आपण डिनेचरेशन म्हणतो. तिचाही वेग तापमानाबरोबर वाढतो. आपण मोजतो तो या दोन्हींचा एकत्रित हिशोब आणि त्या हिशोबात तिसरा भागीदार असतो तो म्हणजे वेळ.

दोन्ही घटनांवर तापमानाचा परिणाम सारखा नसतो, हा यातला कळीचा भाग आहे. विकराने घडवून आणलेल्या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, साधारणपणे प्रति मोल ५० किलोज्यूलच्या आसपास धरली, तर २५ वरून ३५ अंशांवर गेल्यास वेग जवळजवळ दुप्पट होतो. पुस्तकातला ‘दर दहा अंशांना दुप्पट’ हा नियम इथूनच येतो. प्रथिनाची घडी उलगडण्यासाठी लागणारी सक्रियण ऊर्जा मात्र अनेकदा २०० ते ४०० किलोज्यूलच्या घरात असते, कारण तिथे एकच बंध तुटत नाही, शेकडो क्षीण बंध एकदम सुटतात. या संख्या समीकरणात घालून पाहा. ५५ वरून ६० अंशांवर, म्हणजे फक्त पाच अंश वर गेल्यास ५० किलोज्यूलवाल्या अभिक्रियेचा वेग सुमारे १.३ पट होतो, पण ३०० किलोज्यूलवाल्या विनाशाचा वेग पाचपटीहून जास्त वाढतो. टेकडीचा उजवा उतार डाव्या चढापेक्षा इतका तीव्र का असतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

यात वेळ कुठे येते, हे एका कल्पित विकरावर हिशोब करून दाखवतो. आकडे माझे आहेत, मोजलेले नाहीत. सोयीसाठी घेतले आहेत. समजा ४० अंशांना हे विकर मिनिटाला १०० एकक उत्पाद तयार करते आणि अर्ध्या तासात त्याला काही इजा होत नाही. ५० अंशांना ते मिनिटाला १८० एकक तयार करते, पण दर पाच मिनिटांनी निम्मे विकर मरते. ६० अंशांना ते मिनिटाला ३०० एकक तयार करते, पण दर अर्ध्या मिनिटाला निम्मे होते. आता घड्याळ लावा. पहिल्या ३० सेकंदांत ४० अंशांना ५० एकक, ५० अंशांना सुमारे ८७ आणि ६० अंशांना सुमारे १०८ एकक तयार होतात, म्हणजे शिखर ६० वर. दोन मिनिटांनी हेच आकडे अनुक्रमे २००, ३१४ आणि २०३ होतात, म्हणजे शिखर ५० वर. दहा मिनिटांनी ४० अंशांना १,००० आणि ५० अंशांना सुमारे ९७४, म्हणजे जवळजवळ बरोबरी. अर्ध्या तासाने ४० अंशांना ३,०००, ५० अंशांना १,२७८ आणि ६० अंशांना अवघे २१६. विकर तेच, नळी तीच, तापमानेही तीच. तरी ‘इष्टतम तापमान’ विचारले तर ६०, ५० आणि ४० ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. तुमच्या पहिल्या दिवशीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या आलेखांत नेमके हेच घडले, असे मला खात्रीने वाटते. दुसऱ्या दिवशी लाळ जास्त पातळ केली होती हेही लक्षात घ्या. खूप विरल द्रावणात प्रथिन काचेला चिकटून आणि एरवीही लवकर निकामी होते, त्यामुळे शिखर आणखी डावीकडे सरकायला मदतच झाली.

मग पुस्तकातले ३७ कुठून आले? ते आपल्या शरीराचे तापमान आहे आणि अमायलेज तिथे उत्तम काम करते हे खरेच आहे. पण ‘शरीरात ज्या तापमानाला काम करते’ आणि ‘ज्या तापमानाला सर्वांत वेगाने काम करते’ ही दोन विधाने एक नाहीत. शरीराला असे विकर हवे असते जे आपल्या नेहमीच्या तापमानाला टिकून राहील. ते तिथेच सर्वाधिक वेगवान असावे, अशी काही अट नाही. शालेय पातळीवर ही सरमिसळ चालून जाते, पदवीच्या पातळीवर चालू नये.

ही दोन विधाने वेगळी ठेवण्याचा उत्तम नमुना पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या, प्रत्येक प्रयोगशाळेत सापडतो. टॅक पॉलिमरेज हे विकर ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ या जिवाणूचे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या उष्ण झऱ्यांतून थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी तो वेगळा केला आणि १९६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या विकराच्या माहितीपत्रकात दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. ते डीएनएची साखळी वाढवते त्या पायरीसाठी साधारण ७२ अंश वापरा, ही एक. आणि ९५ अंशांना त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे विकर मरायला लागणारा वेळ, सुमारे ४० मिनिटे आहे, ही दुसरी. पीसीआरच्या ३० चक्रांत प्रत्येकी ३० सेकंद ९५ अंशांना धरले तर एकूण १५ मिनिटे होतात, म्हणजे शेवटच्या चक्रापर्यंत बरेचसे विकर शिल्लक राहते. हा हिशोब करता येतो, कारण वेग आणि टिकाऊपणा हे दोन आकडे कोणी एकात मिसळलेले नाहीत.

तेव्हा तुम्ही प्रयोग कसा करावा, हे तुम्हाला काय शोधायचे आहे यावर अवलंबून आहे. एखाद्या कपडे धुण्याच्या पावडरीत घालायचे विकर निवडायचे असेल, तर पाऊण तास कोमट पाण्यात एकूण किती काम होते तेच मोजायला हवे. तिथे लांब वेळेचा प्रयोगच योग्य. विकराची रासायनिक क्षमता कळायला हवी असेल, तर पहिल्या काही सेकंदांतला आरंभीचा वेग हवा. विकर साठवायचे किंवा उष्णतेने शुद्ध करायचे असेल, तर टिकाऊपणा महत्त्वाचा. फक्त परीक्षेपुरते करायचे असेल, तर दहा मिनिटांचा एकच प्रयोग पुरे, पण आलेखाखाली ‘दहा मिनिटे’ हे शब्द आलेच पाहिजेत. तुम्हाला खरेच उत्सुकता आहे असे दिसते, म्हणून मी दोन भागांत प्रयोग करायला सुचवीन.

पहिला भाग आरंभीच्या वेगाचा. इथे सर्वांत मोठा घोळ होतो तो मिश्रण तापेपर्यंतच्या वेळेत. पाच मिलिलिटर द्रावण असलेली काचेची नळी बाथच्या तापमानाला यायला काही मिनिटे लागतात. थंड स्टार्च आणि थंड लाळ मिसळून नळी ६० च्या बाथमध्ये ठेवली, तर पहिली दोन मिनिटे तुम्ही २५ ते ६० मधले सगळे काही मोजत असता. म्हणून बरेच जण स्टार्च आणि लाळ वेगवेगळ्या नळ्यांत दहा मिनिटे तापवून मग मिसळतात आणि पुस्तकेही तसेच सांगतात. कमी तापमानांना ही रीत निर्दोष आहे. ६० अंशांना मात्र त्या दहा मिनिटांतच विकर मरून गेलेले असते आणि प्रयोग सुरू होण्याआधीच संपतो. माझी पद्धत अशी: बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण), मीठ आणि स्टार्च घातलेली ५ मिली द्रावणाची नळी पूर्ण तापवायची, लाळ बर्फात ठेवायची आणि थंड लाळेचे फक्त ०.१ मिली त्या नळीत टाकून लगेच हलवायचे. ५० अंशांच्या ५ मिलीमध्ये बर्फातले ०.१ मिली पडले तर तापमान जेमतेम एक अंश उतरते, तेही क्षणभर. त्यानंतर दर १५ किंवा ३० सेकंदांनी थोडे द्रावण काढून आम्लात टाकायचे. प्रत्येक तापमानाला वेळ विरुद्ध उत्पाद असा आलेख काढायचा आणि त्याच्या अगदी सुरुवातीचा चढ हाच वेग मानायचा. ६० अंशांचा आलेख सुरुवातीला सर्वांत उभा चढतो आणि मग आडवा पडतो, हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले त्याला डिनेचरेशन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मिठाचा उल्लेख ओघात केला, पण तो विसरू नका. लाळेतील अमायलेजला क्लोराइड आयन लागतात, आणि पाण्याने खूप पातळ केलेल्या लाळेत ते कमी पडतात. कॅल्शिअमही हवे, कारण ते विकराची घडी धरून ठेवते. कॅल्शिअम काढून घेतले की हेच विकर कमी तापमानाला मरते.

तापमापीबद्दल एक अनुभव सांगतो. उमेदवारीच्या काळात मी जिथे शिकवत होतो तिथे सलग दोन सत्रे सगळ्या विद्यार्थ्यांचे शिखर पाच-सहा अंशांनी उजवीकडे येत होते आणि आम्ही त्यावर लाळेतल्या फरकांपासून हवामानापर्यंत सगळे तर्क लढवले. शेवटी एका मुलीने तापमापी बाथऐवजी थेट नळीत बुडवली. बाथची तबकडी ६० दाखवत होती, नळीत ५४ होते. बाथमधल्या पाण्याची पातळी नळीतल्या द्रावणाच्या पातळीपेक्षा खाली गेली होती आणि पंखा चालू होता, एवढेच कारण. तेव्हापासून माझा दंडक असा आहे की प्रत्येक बाथमध्ये पाणी भरलेली एक जादा नळी ठेवायची आणि तापमापी तिच्यातच राहील; वहीत तोच आकडा लिहायचा. ‘खोलीचे तापमान’ हा शब्दप्रयोगही मी लिहू देत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात प्रयोगशाळेतले तापमान पुस्तकातल्या २५ अंशांच्या कितीतरी वर असते. दहा अंशांना दुप्पट हा हिशोब धरला तर एका अंशाच्या चुकीने वेगात सुमारे सात टक्के फरक पडतो. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा विकरांची मोजणी ठरवून ३७ अंशांना करतात ती याच कारणाने. पूर्वी कुठे २५, कुठे ३०, कुठे ३७ अंशांना मोजत, आणि मग एका ठिकाणचा अहवाल दुसऱ्या ठिकाणच्या अहवालाशी ताडून पाहता येत नसे.

दुसरा भाग टिकाऊपणाचा. यात स्टार्चला सुरुवातीला स्थानच नाही. नुसती लाळ ४०, ५०, ५५, ६० आणि ६५ अंशांना ठेवायची. ०, १, २, ५, १० आणि २० मिनिटांनी प्रत्येकीतून थोडी काढून थेट बर्फात टाकायची. मग हे सगळे नमुने एकाच तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, एकाच पद्धतीने तपासायचे. आता तापमान बदलत नाही, म्हणून मिळणारा फरक फक्त ‘किती विकर वाचले’ याचाच असतो. उरलेल्या क्रियाशीलतेचा लघुगणक वेळेसमोर मांडला आणि सरळ रेषा आली, तर तिच्यावरून त्या तापमानाचे अर्धायुष्य काढता येते. एक सावधगिरी: आधारद्रव्य (विकर ज्यावर काम करते तो पदार्थ, इथे स्टार्च) समोर असताना विकर बहुधा अधिक टिकते, त्यामुळे नुसत्या लाळेचे अर्धायुष्य स्टार्चसोबतच्या अर्धायुष्यापेक्षा कमी येऊ शकते. त्याची खातरजमा पहिल्या भागातूनच करता येते. एम. जे. सेल्विन यांनी १९६५ मध्ये सुचवलेली एक साधी कसोटी आहे. एकाच तापमानाला विकराची मात्रा दोन-तीन वेगवेगळी घ्यायची आणि उत्पाद हा ‘मात्रा गुणिले वेळ’ या राशीसमोर मांडायचा. विकर शाबूत असेल तर सगळे बिंदू एकाच वक्रावर पडतात. प्रयोग चालू असताना ते मरत असेल तर वक्र फुटून वेगळे होतात. यासाठी काही जादा उपकरण लागत नाही, आणि तरीही ही कसोटी फार कमी जण वापरतात.

टिकाऊपणाच्या वक्रातून नुसते अर्धायुष्यच नव्हे, विकराची ओळखही पटते. रक्तातले अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढले असेल तर ते हाडांतले की यकृतातले, हे पूर्वी नमुना ५६ अंशांना दहा मिनिटे ठेवून ठरवत. हाडांतला प्रकार तिथे बहुतांश नष्ट होतो, यकृतातला त्यामानाने बराच उरतो, आणि वारेतला (प्लासेंटातला) प्रकार तर ६५ अंशांनाही टिकून राहतो. ३७ अंशांना ही तिन्ही रूपे तीच अभिक्रिया घडवतात. ताप दिला की फरक उघड होतो. दुधाचे उदाहरण तर आपल्या रोजच्या पिशवीतले आहे. पाश्चरीकरण ६३ अंशांना ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद करतात आणि ते नीट झाले की नाही हे दुधातल्या अल्कलाइन फॉस्फटेजवरून तपासतात, कारण ते विकर जवळजवळ याच तापमान-वेळेच्या जोडीला नष्ट होते. नऊ अंशांच्या फरकासाठी ३० मिनिटांचे १५ सेकंद होतात, म्हणजे वेळ १२० पट कमी होते. उष्णतेने होणाऱ्या विनाशाची सक्रियण ऊर्जा किती मोठी असते, हे दुग्धशाळांना रोजच्या कामातून दिसते.

इथपर्यंत मी दोन घटनांचे चित्र रंगवले. ते पूर्ण खरे आहे का? अगदी पूर्ण नाही. हे चित्र पूर्ण असते, तर शून्य वेळेचा आरंभीचा वेग तापमानाबरोबर वाढतच गेला पाहिजे, त्याला शिखर येता कामा नये. पण पुष्कळ विकरांत आरंभीच्या वेगालाही शिखर येते. न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठातले रॉय डॅनियल आणि इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातले मायकेल डॅन्सन यांनी त्यासाठी असे प्रतिमान मांडले की क्रियाशील विकर आणि कायमचे मेलेले विकर यांच्यामध्ये एक मधली, निष्क्रिय पण परतता येण्याजोगी अवस्था असते आणि तापमान वाढले की समतोल तिच्या बाजूला झुकतो. तुमच्या प्रयोगात हे तपासायचे असेल तर लाळ एक मिनिटभर ५५ अंशांना ठेवून परत ३७ ला आणा आणि मोजा. ३७ ला आल्यावर क्रियाशीलता बरीचशी परत आली, पण ५५ ला ती अपेक्षेपेक्षा कमी होती, तर ती मरून नव्हे, सुस्तावून कमी झाली होती. हा भाग तुमच्या अभ्यासक्रमापलीकडचा आहे, पण तोंडी परीक्षेत कोणी ‘डिनेचरेशन म्हणजे कायमचे नुकसानच ना?’ असे विचारले तर उपयोगी पडेल. रायबोन्यूक्लिएज हे विकर तर उकळूनही गार केल्यावर पुन्हा कामाला लागते, आणि त्याचा ताप आरएनएवर काम करणाऱ्या प्रत्येकाने सोसलेला असतो.

थंडीची बाजू सोपी आहे. ४ अंशांच्या नळीत विकर मेलेले नसते, संथ झालेले असते. ती नळी ३७ ला आणली की रंग उतरू लागतो. ८० अंशांची नळी गार करून ३७ ला ठेवली तर काही होत नाही. ही दोन निरीक्षणे शेजारी शेजारी दाखवणारा विद्यार्थी माझ्याकडून पूर्ण गुण घेऊन जातो. काही अनेक घटकांची मिळून बनलेली विकरे मात्र थंडीतच विस्कळीत होतात, म्हणून ‘बर्फात ठेवले की सुरक्षित’ हा नियमही डोळे मिटून लावू नये.

आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. आपण मोजतो ती खूण आणि विकराची क्रिया यांच्यामध्ये तापमानाला घुसायला जागा असते. आयोडीन हे त्याचे एक रूप झाले. बटाट्यातल्या कॅटलेजवर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून बुडबुडे मोजणारे विसरतात की गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि पेरॉक्साइड स्वतःहूनही जास्त वेगाने फुटते. ट्रिस बफर वापरणाऱ्यांचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो, म्हणजे २५ अंशांना जुळवलेला बफर ६० अंशांना जवळपास एक एकक खाली गेलेला असतो. ते तापमानाचा प्रयोग करत आहेत असे समजून पीएचचाही प्रयोग करत असतात. फॉस्फेट बफर या बाबतीत बराच गुणी आहे, लाळेसाठी तोच घ्या आणि पीएच ६.८ ठेवा. मला सर्वांत आवडणारे उदाहरण रेनेटचे, म्हणजे चीजसाठी दूध गोठवणाऱ्या विकराचे आहे. थंड दुधात रेनेट घातले तर ते गोठत नाही आणि वाटते की विकर थंडीत बंद आहे. प्रत्यक्षात ते दुधातले कॅपा-केसीन हे प्रथिन हळूहळू कापतच असते. कापलेले कण एकत्र येण्याची पुढची पायरी तेवढी थंडीत अडून राहते. तेच दूध कोमट केले की ते फार लवकर गोठते.

आता तुमच्या वहीबद्दल. पहिल्या दिवशीचा आणि दुसऱ्या दिवशीचा आलेख एकाच कागदावर काढा, एकाखाली ‘२ मिनिटे’, दुसऱ्याखाली ‘३० मिनिटे’ आणि दोन्हींत लाळेचे विरलन लिहा. अनुमानात ‘इष्टतम तापमान ३७ अंश’ असे लिहू नका. ‘या विरलनाला व २ मिनिटांच्या अवधीत सर्वाधिक उत्पाद ५० अंशांना, ३० मिनिटांच्या अवधीत ४० अंशांना’ असे लिहा. परीक्षकाने ३७ का नाही असे विचारले, तर कल्पित विकराचा वरचा हिशोब त्याच कागदावर करून दाखवा. पाच मिनिटे लागतात. आणि ८० अंशांचे वाचन खोडून टाकू नका. त्याच्यासमोर ‘आयोडीन गरम नळीत घातले’ असे लिहा, प्रयोग आम्ल घालून आणि गार करून पुन्हा करा आणि नवा आकडा जुन्याच्या खाली मांडा.